हरणासाठी लावलेले झाड: पर्सिमन, शिकार आणि रानाच्या मालकीचा इतिहास

१/
अमेरिकेच्या आग्नेय भागातील एखादा जमीनमालक आज पर्सिमनची कलमे लावतो, प्रत्येक रोपाभोवती जाळी उभारतो आणि काही वर्षे त्यांना जपतो. फळ स्वतः खाण्याची त्याला विशेष ओढ नसते. शरद ऋतूत ही फळे गळू लागली की पांढऱ्या शेपटीची हरणे झाडाखाली येतात, आणि शिकारीचा हंगामही त्याच दिवसांत असतो. आपला शेतकरी हरणांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागतो; तिथे हरणांसाठी फळबाग लावली जाते. आजचा धागा या विलक्षण बागेच्या इतिहासाविषयी.

२/
हा इतिहास वरवर झाडाचा आणि प्राण्याचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. रानातले हरीण कोणाचे? आणि ज्या झाडाखाली ते येते, ते झाड कोणाचे? गेल्या चारशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली. प्रत्येक नव्या उत्तराने कोणाला तरी हक्क मिळाला आणि कोणाचा तरी हक्क गेला. ते कोण, हे पाहू.

३/
प्रथम झाडाची ओळख. आपल्या बाजारात हिमाचलातून येणारे नारिंगी, टोमॅटोसारखे ‘जपानी फळ’ म्हणजे आशियाई पर्सिमन. अमेरिकेतील रानटी पर्सिमन त्याचा भाऊबंद. त्याचे फळ बरेच लहान, मोठ्या बोराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे. लिनिअसने १७५३ साली त्याला ‘डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना’ हे शास्त्रीय नाव दिले. आपली टेंभुर्णी, म्हणजे जिच्या पानांच्या विड्या वळतात तो तेंदू, याच वंशातील. सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाचे नाव ऐकलेल्या वाचकाला हे कूळ अगदीच परके वाटू नये.

४/
या झाडाचे तीन गुण लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सारा इतिहास त्यांवर उभा आहे. एक, कच्चे फळ कमालीचे तुरट आणि पूर्ण पिकलेले तितकेच गोड. दोन, पपईप्रमाणे याचीही नर आणि मादी झाडे वेगळी असतात; फळे फक्त मादीला धरतात. तीन, झाड तोडले किंवा जळाले तरी मुळांवरून नवे धुमारे फुटतात. ज्या जमिनीवरून आग किंवा नांगर गेला आहे, अशा मोकळ्या जमिनीत ते पटकन मूळ धरते.

५/
१६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन ही इंग्रजांची वसाहत स्थापन झाली. तिच्या नेत्यांपैकी एक असलेल्या जॉन स्मिथने १६१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनात हे फळ आहे. कच्चे खाल्ले तर तोंड वेडेवाकडे होऊन माणूस हैराण होतो, पिकले तर जर्दाळूसारखे रुचकर लागते, असा त्याचा अनुभव. ‘पर्सिमन’ हा शब्दही तिथल्या पॉव्हॅटन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. ज्यांच्या भूमीतून ते लोक पुढे हटवले गेले, त्यांच्या जिभेवर ते नाव मात्र राहिले.

६/
मूळ रहिवाशांसाठी हे फळ चवीपुरते नव्हते. ते हिवाळ्याची बेगमी होते. अठराव्या शतकात लुइझियानात राहिलेला फ्रेंच लेखक ल पाज दु प्रात्झ सांगतो की, नाचेझ लोक गर चाळून त्याच्या पातळ वड्या थापत, उन्हात किंवा भट्टीत वाळवत आणि त्या फ्रेंचांना विकतही असत. आपल्याकडच्या आंबापोळीची किंवा फणसपोळीची आठवण यावी अशीच ही रीत. लुइझियानातील ‘प्लाकमिन्स’ या परगण्याचे नाव याच फळाच्या स्थानिक नावावरून पडले आहे.

७/
आता आगीकडे वळू. आग्नेय अमेरिकेतील मूळ समाज जंगलात ठरावीक काळाने आग लावत. शेतासाठी जमीन मोकळी करण्याकरिता, वाटा खुल्या ठेवण्याकरिता आणि शिकारीकरिताही. आगीचे कडे करून हरणे कोंडण्याची पद्धत स्मिथनेही नोंदवली आहे. पण आगीचा अधिक खोल परिणाम दुसऱ्या वर्षी दिसे. जळालेल्या जागी कोवळे गवत आणि झुडपे उगवत, ऊन जमिनीपर्यंत पोहोचे आणि चरायला हरणे येत.

८/
अशा उजेडाच्या जागी पर्सिमनही वाढे. गावाने काही वर्षे शेत कसायचे, मग जमिनीला विश्रांती द्यायची. त्या पडीक शेतात ही झाडे उभी राहायची. माणसे फळे वेचत आणि उरलेल्यांवर हरणे, अस्वले, रॅकून जगत. हरणांना बोलावण्यासाठी त्यांनी पर्सिमन मुद्दाम लावला, असे म्हणण्याइतका पुरावा हाती नाही. परंतु फळझाडे, मोकळी राने आणि शिकार ही तिन्ही एकाच व्यवस्थेची अंगे होती, हे मात्र स्पष्ट आहे.

९/
या व्यवस्थेचा एक साक्षीदार आहे: फिलाडेल्फियाचा निसर्गअभ्यासक विल्यम बार्ट्रम. १७७३ ते १७७७ या काळात तो आग्नेय प्रदेशात फिरला आणि १७९१ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. जॉर्जियातील प्राचीन, सोडून दिलेल्या शेतांत त्याला पर्सिमन, रानआलुबुखार, तुती आणि अक्रोडाच्या जातीची झाडे दिसली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की, पूर्वीच्या लोकांनी ती फळांसाठी जोपासली होती. ज्याला इतर गोरे प्रवासी ‘अरण्य’ म्हणत होते, तिथे बार्ट्रमला कोणाची तरी जुनी बाग दिसली.

१०/
मग या रानातले हरीण कोणाचे होते? चेरोकी समाजात सात कुळे, आणि त्यांपैकी एक हरणाचे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मूनी यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चेरोकी कथांत ‘लहान हरीण’ नावाचा हरणांचा नायक येतो. शिकाऱ्याने हरीण मारल्यावर त्याची क्षमा मागितली की नाही, हे तो पाहतो. मागितली नसेल तर शिकाऱ्याला संधिवाताने जखडून टाकतो. या कथेत हरणाला मालक नाही, पण त्याचा हिशेब ठेवणारा कोणी आहे. मारण्याला बंदी नाही, बेपर्वाईला आहे.

११/
ही नीती मोडकळीला आणली ती बाजाराने. १६७० साली चार्ल्स टाउनची (आजचे चार्ल्सटन) स्थापना झाली आणि इंग्लंडशी हरणाच्या कातड्यांचा व्यापार वाढला. त्या कातड्यांपासून हातमोजे, विजारी, पुस्तकांच्या बांधण्या होत. १६९९ ते १७१५ या काळात कॅरोलायनातून दरवर्षी सरासरी सुमारे ५४,००० कातडी निर्यात झाली. हे आकडे एका वसाहतीचे आहेत; व्यापार पुढे कित्येक दशके चालू राहिला.

१२/
कातड्यांच्या बदल्यात मस्कोगी (ज्यांना इंग्रज ‘क्रीक’ म्हणत), चेरोकी आणि इतर समाजांना बंदुका, दारूगोळा, कापड, लोखंडी अवजारे आणि रम मिळे. माल आधी उधारीवर द्यायचा आणि हंगामाअखेर कातड्यांत फेड घ्यायची, ही व्यापाऱ्यांची रीत. सावकारी खतांचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला पुढचे सांगायला नको. हरणे कमी होत गेली, उधारी वाढत गेली आणि बंदूक व दारूगोळ्याशिवाय शिकारही करता येईना.

१३/
१७७३ साली ऑगस्टा येथे तह झाला. व्यापाऱ्यांची कर्जे फेडण्यासाठी क्रीक आणि चेरोकी यांनी २० लाख एकरांहून अधिक जमीन सोडली. हरणाच्या कातड्यात मोजलेले कर्ज अखेर जमिनीत वसूल झाले. या धाग्यातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण मी मानतो. प्राणी संपत आला म्हणून त्याचे रान गेले. आणि ते रान घेताना त्यातली जोपासलेली झाडे कोणी हिशेबात धरली नाहीत.

१४/
त्या तहाच्या वेळी ऑगस्टात कोण होता? हाच विल्यम बार्ट्रम. नव्या जमिनीच्या मोजणीसाठी निघालेल्या तुकडीबरोबर तो त्या प्रदेशात गेला. मोजणीदार सीमारेषा आखत होते आणि तो झाडांची यादी करत होता. पर्सिमनची ती नोंद म्हणजे एका अर्थी जप्तीच्या वेळी झालेला पंचनामाच. फक्त पंचनामा करणाऱ्याला बागेविषयी आदर होता, एवढेच.

१५/
पुढचा टप्पा अधिक कठोर होता. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी ‘इंडियन रिमूव्हल’ कायद्यावर सही केली. १८३० च्या दशकात चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी या राष्ट्रांना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवले गेले. चेरोकींची १८३८-३९ ची वाटचाल ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखली जाते. त्या वाटेवर हजारो माणसे मेली. मोकळ्या झालेल्या जमिनीत कापूस आला आणि कापसाबरोबर गुलामीही.

१६/
कापसाच्या मळ्यांच्या काठाने पर्सिमन टिकून राहिला आणि त्याला नवी माणसे मिळाली. गुलाम केलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी या फळाची आंबवून बिअर केली. मळ्यातल्या तुटपुंज्या शिध्याला रानातल्या फळांची आणि रात्री धरलेल्या ऑपॉसमची जोड दिली. यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेची नाकेबंदी झाली तेव्हा पर्सिमनच्या बिया भाजून कॉफीऐवजी वापरल्या गेल्या, त्यांची बटणेही झाली. एकेकाळच्या बागेचे झाड आता गरजवंतांचे झाड झाले.

१७/
१८६५ नंतर गुलामी कायद्याने संपली. स्वतंत्र झालेल्या माणसाकडे जमीन नव्हती, पण एक आधार होता. दक्षिणेत कुंपण नसलेल्या जमिनीवर कोणीही गुरे चारावीत, शिकार करावी, फळे वेचावीत असा जुना रिवाज होता. आपल्या गायरानासारखाच, फक्त खासगी जमिनीवरही चालणारा. १८७० च्या दशकापासून जॉर्जियासारख्या राज्यांत कुंपणाचे नवे कायदे आले. पूर्वी पिकाला कुंपण घालायचे असे, आता गुरांना घालावे लागले. परवानगीशिवाय शिकारीवरही बंधने वाढली.

१८/
याचा अर्थ नीट पाहावा. ज्याला रानातून काही मिळत होते, तो मजुरीला ‘नाही’ म्हणू शकत होता. रान बंद झाले की तो मळ्यावर परत येणार, हे जमीनदारांना चांगले कळत होते. गरीब गोरे शेतकरीही या कायद्यांत भरडले गेले, परंतु सर्वाधिक फटका कृष्णवर्णीय कुटुंबांना बसला. हरणाच्या मालकीचा प्रश्न इथे पोटाचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न झाला.

१९/
दरम्यान झाडाची प्रतिष्ठा आणखी घसरली. कापसाने जमीन झिजली, शेते ओसाड पडली आणि त्यांत पर्सिमनचे धुमारे माजले. शेतकऱ्यांच्या लेखी ते तण ठरले. गंमत अशी की त्याचे लाकूड अत्यंत कठीण. आबनूसही याच वंशातला. म्हणून कापडगिरण्यांत धोटे करायला ते वापरले जाई. ज्या कापसाने शेत ओसाड केले, त्याच कापसाचे कापड त्या ओसाड शेतातल्या झाडाच्या धोट्याने विणले जात होते.

२०/
आणि हरीण? १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे तीन ते पाच लाखांच्या आसपास उरली होती, असा अंदाज दिला जातो. पूर्वी ती कोट्यवधी होती. आग्नेयेच्या अनेक जिल्ह्यांतून ती पूर्ण नाहीशी झाली. जंगलतोड, बाराही महिने चालणारी शिकार आणि शहरांच्या बाजारात रेल्वेने जाणारे मांस ही त्याची मुख्य कारणे. झाडे होती, फळे गळत होती, पण खायला येणारे हरीण राहिले नव्हते.

२१/
आता कायदा पुढे आला. १८९६ मध्ये ‘गीअर विरुद्ध कनेटिकट’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वन्य प्राणी राज्याच्या मालकीचे असून राज्य जनतेचे विश्वस्त म्हणून ते सांभाळते. (१९७९ मध्ये न्यायालयाने मालकीची ही मांडणी सोडून दिली, पण विश्वस्तपणाची कल्पना टिकली.) १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या शिकारीचा आंतरराज्य व्यापार बंद केला. हरीण बाजारातून काढून घेतले गेले. ते वाचण्यात या पावलाचा वाटा मोठा आहे.

२२/
पुढचे श्रेय काही हट्टी माणसांचे. उत्तर जॉर्जियातील वनाधिकारी आर्थर वुडी यांनी १९२० च्या दशकात स्वतःच्या पैशाने हरणाची पाडसे विकत घेऊन ब्लू रिज डोंगरात सोडली. त्या भागातले शेवटचे हरीण त्यांच्याच वडिलांनी मारले होते, अशी आख्यायिका सांगितली जाते. पुढे अनेक राज्यांनी दूरवरून हरणे पकडून आणली आणि सोडली. आज जॉर्जियात दिसणाऱ्या हरणांपैकी काहींचे पूर्वज विस्कॉन्सिनमधून आलेले आहेत.

२३/
१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातून संवर्धन चालू लागले. हे निःसंशय यश आहे. त्याला अनपेक्षित मदतही मिळाली. कापसाची बोंडे पोखरणारा भुंगा १८९२ साली टेक्ससमध्ये पोहोचला आणि हळूहळू दक्षिणेत पसरला. पुढे महामंदी आली. शेते पडली, त्यांत झाडी वाढली. पाडसांच्या नाभीत अंडी घालून त्यांना मारणारी ‘स्क्रूवर्म’ माशीही १९५९ पर्यंत वांझ नर सोडून आग्नेयेतून संपवण्यात आली.

२४/
याच काळात एक जुने ज्ञान नव्या पोशाखात परतले. हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवर बॉबव्हाइट लाव्यांचा अभ्यास केला आणि १९३१ च्या ग्रंथात दाखवले की, ठरावीक काळाने लावलेली आग या पक्ष्यांना उपकारक ठरते. १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांनी शिकारीच्या प्राण्यांचे व्यवस्थापन हे शास्त्र म्हणून मांडले. कुऱ्हाड आणि नांगर यांनी जो प्राणी संपवला, तो त्याच साधनांच्या शहाण्या वापराने परत आणता येईल, हा त्यांचा विचार. मस्कोगी आणि चेरोकी गावांना हे ठाऊक होते. ते शास्त्र म्हणून मान्य झाले तेव्हा ते लोक शेकडो मैल दूर होते.

२५/
आज अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे तीन कोटी आहेत, असा अंदाज आहे. काही ठिकाणी ती इतकी झाली आहेत की ओकची रोपे वाढू देत नाहीत आणि रस्त्यांवर अपघात घडतात. हरीण कायद्याने जनतेचे. परंतु आग्नेयेतील बहुतेक जमीन खासगी, आणि जमिनीवर पाऊल ठेवण्याचा हक्क मालकाचा. म्हणून मालक शिकारीसाठी जमीन वार्षिक भाड्याने देतात. आता हरीण आपल्याच जमिनीवर थांबावे, अशी स्पर्धा सुरू झाली. पर्सिमनची आठवण झाली ती इथे.

२६/
या बागायतीचे तंत्र मनोरंजक आहे. बियांपासून लावले तर झाड नर की मादी हे फुलोऱ्यापर्यंत कळत नाही, म्हणून मादीची कलमे लावतात. रानात आधीच उभ्या असलेल्या नर झाडांवर मादीचे डोळे बांधतात. परागासाठी एखादा नर जवळ राखतात. लवकर आणि उशिरा पिकणारी झाडे मिसळून फळगळीचा काळ लांबवतात. आसपासची झाडे तोडून ऊन पोहोचवतात. आणि ज्या हरणांसाठी हे सारे, त्यांच्यापासूनच रोप आधी जपावे लागते, कारण नर हरणे शिंगे घासून कोवळी साल सोलतात.

२७/
कायद्याच्या दृष्टीनेही झाडाला एक खास जागा आहे. शिकारीसाठी मक्याचा ढीग टाकणे म्हणजे आमिष. अनेक राज्यांत त्यावर बंदी किंवा बंधने आहेत. एका ढिगावर हरणे तोंडाला तोंड लावून खातात आणि रोग पसरतो, अशीही चिंता आहे. १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसलेल्या, हरणांच्या मेंदूला ग्रासणाऱ्या झिजेच्या रोगानंतर ती वाढली. पण मुळे धरलेले झाड सहसा आमिष मानले जात नाही. ते अधिवासाचा भाग ठरते. दोन्हींचा हेतू एकच असू शकतो. कायदा मात्र झाड आणि ढीग यांत फरक करतो, आणि तो अगदीच निरर्थक नाही: ढीग हंगामापुरता, झाड पुढच्या पिढ्यांचे.

२८/
जुन्या राजेरजवाड्यांचे राखीव शिकारीचे रान आपल्याला माहीत आहे. प्रजेचे हरीण आणि खासगी फळबाग यांच्या मिश्रणातून आज अमेरिकेत तसेच काहीसे उभे राहिले आहे, फक्त राजाऐवजी जमीनमालक. या मालकाला खलनायक ठरवणे सोपे, पण अन्यायाचे होईल. त्याने पडीक रानात झाड लावले. त्यावर हरणांबरोबर कोल्हे, रॅकून, पक्षीही जगतात. प्रश्न त्याच्या हेतूचा नाही. प्रश्न असा की, मूळ बाग ज्यांनी जोपासली त्यांना त्या रानात शिरण्यासाठी आज कोणाची परवानगी लागते?

२९/
हा प्रश्न केवळ इतिहासजमा नाही. चेरोकी नेशन आणि ओक्लाहोमा राज्य यांच्यात २०१५ साली आदिवासी नागरिकांच्या शिकार-मासेमारी परवान्यांबाबत करार झाला. २०२१ अखेर तो संपुष्टात आला आणि अधिकार कोणाचा हा वाद पुन्हा उभा राहिला. त्याआधी २०२० मध्ये ‘मॅकगर्ट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, फौजदारी कायद्यापुरते तरी मस्कोगी राष्ट्राचे राखीव क्षेत्र कधी संपुष्टात आलेच नव्हते. १७७३ चा हिशेब अजून पुरा मिटलेला नाही.

३०/
आपल्याकडे या कुळाची कथा वेगळ्या वाटेने, पण त्याच प्रश्नाशी येते. गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात उन्हाळ्यात तेंदूपान तोडले जाते. चांगली कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटतात, काही ठिकाणी आगही लावतात. जाळल्यावर पुन्हा फुटणे हा या वंशाचा गुण इथेही कामी येतो. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातले स्थानिकांचे हक्क आक्रसले. स्वातंत्र्यानंतर १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार महाराष्ट्र सरकारने नियंत्रणाखाली घेतला. तोडणारे हात आदिवासींचे, माल मात्र दुसऱ्याचा.

३१/
२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी ग्रामसमाजाची मानली, आणि तेंदूपानाचा त्यात नावाने उल्लेख आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. दोन देशांची तुलना मर्यादेतच करावी. तरी एक गोष्ट दिसते. झाडाचा वंश एकच. एका ठिकाणी कायद्याने हक्क उशिरा का होईना गावाकडे वळवला, दुसऱ्या ठिकाणी हरीण परत आणले आणि माणसांना नाही.

३२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या गोष्टीतून एक सवय घ्यावी असे वाटते. कोणी ‘अस्पर्श अरण्य’ म्हणाला की तिथल्या झाडांची यादी मागावी. त्यात फळझाडे निघाली, ती जुन्या शेतांच्या जागी निघाली आणि त्यांची नावे हटवलेल्या लोकांच्या भाषेतली निघाली, तर ते अरण्य कोणाचे तरी घर होते असे समजावे. जॉर्जियातील पर्सिमनच्या बाबतीत या तिन्ही खुणा जुळतात.

३३/
अमेरिकेतल्या संवर्धनाचे यश खरे आहे. तीन लाखांपासून तीन कोटींपर्यंतचा प्रवास थोड्याच प्राण्यांच्या वाट्याला येतो. पण ‘निसर्ग परत आला’ असे म्हणताना तो कोणाच्या हाती परत आला, हेही विचारायला हवे. पर्सिमन आज पुन्हा जोपासला जातो, त्याखाली हरीण पुन्हा येते. ज्यांनी ही जोडी प्रथम ओळखली आणि राखली, त्यांचे नाव त्या बागेच्या सातबाऱ्यावर नाही. फळाच्या नावात मात्र ते आजही आहे.

तुमच्या भागात टेंभुर्णीचे झाड असेल, त्याची फळे कोण खाते आणि पाने कोण तोडते हे ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा. धागा संपला.